तांदळात लिहिलेलं नाव

लेक झोपाळ्यावर पालथी पडून वाचत होती. मध्येच मान वर करून तिनं विचारलं, "आजी, कर्ण म्हणजे अनक्लेम्डच ना गं?"

माझी मावशी तांदूळ निवडत होती. साताऱ्याच्या घराच्या मधल्या खोलीत, पाट टाकून, परात पुढ्यात ओढून. बाहेर आषाढाचा पाऊस. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतेय ही?"

"पर्सी जॅक्सन वाचतेय," मी म्हटलं. "रिक रायर्डन नावाच्या अमेरिकी लेखकाची मालिका आहे, पहिलं पुस्तक २००५ सालचं. ग्रीक देव अजून आहेत, माणसांत येतात, त्यांना मुलं होतात आणि ते निघून जातात. अशा मुलांचं एक शिबिर आहे. तिथे देवादेवाच्या मुलांची वेगवेगळी घरं. ज्यांचा देव पुढे येऊन 'हे माझं' म्हणत नाही ती सगळी हर्मीसच्या घरात दाटीवाटीनं राहतात, जमिनीवर पथारी टाकून. ती अनक्लेम्ड."

"मग बरोबर आहे तिचं. कर्ण तसाच," मावशी म्हणाली आणि पुन्हा परातीत डोकं घातलं.

तेवढ्यावर गप्प बसले असते तर विषय तिथेच संपला असता. पण ही पुस्तकं माझ्या घरात नुसती करमणूक म्हणून आलेली नाहीत. लेक तिसरीत असताना तिला जोडाक्षरं लागत नव्हती. ओळी एकमेकींत मिसळायच्या. वहीभर लाल शेरे, आणि एकदा तर तिला वर्गासमोर उभं करून वाचायला लावलं होतं. त्या रात्री ती न जेवता झोपली. पुढच्या वर्षी कुणीतरी पर्सी जॅक्सन हातात दिलं. त्या पर्सीलाही डिस्लेक्सिया आहे. अक्षरं त्याच्या डोळ्यांसमोर नाचतात, आणि शिबिरात गेल्यावर त्याला कळतं की आपला मेंदू मुळात प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलाय. रायर्डनच्या स्वतःच्या मुलाला हा त्रास होता. त्याला झोपताना सांगायला म्हणून ही गोष्ट जन्मली. माझ्या लेकीनं त्या पुस्तकाला तीन महिने घेतले, पण संपवलं. मी हे सगळं मावशीला सांगितलं आणि म्हटलं, "एका गोष्टीनं पोर ताठ उभी राहिली. पुराणातले देव यासाठीच तर पुन्हा पुन्हा लिहायचे. आपण कोण, हे मुलांना आरशात दिसत नाही, तिथे दिसतं."

मावशी पस्तीस वर्षं शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवत होती. ती कधी पटकन हो म्हणत नाही.

"पोर वाचायला लागली, आनंद आहे," ती म्हणाली. "पण मला एक सांग. त्या मुलाला वाचता येत नव्हतं, तेव्हा तो वाया गेलेला. बाप समुद्राचा देव निघाला, तेव्हा तीच खोट गुण ठरली. म्हणजे खोट खोट म्हणून चाललीच नाही ना? माझ्या वर्गात दर वर्षी दोन-चार पोरं अशी असायची. त्यांच्यातल्या एकाचाही बाप देव निघाला नाही. कुणाचा हमाल होता, कुणाचा एसटीत होता. त्यांनी काय करायचं? वाट बघायची?"

"गोष्ट आहे गं ती."

"गोष्टच आहे म्हणून विचारतेय. आपल्याकडे रक्ताची गोष्ट किती महागात पडलीय ते तुला ठाऊक आहे. कोण कुणाच्या पोटी आलं यावरून पाणवठे वेगळे झाले. आणि आता तुमची नवी पुस्तकंही तेच सांगणार: तुझ्यात काहीतरी विशेष आहे, कारण तुझं रक्त विशेष आहे."

मी म्हटलं, मालिका तिथे थांबत नाही. तिच्यात ल्यूक नावाचा मुलगा आहे. हर्मीसनं त्याला आपला म्हटलंय, पण कधी जवळ केलं नाही. तो त्या रागातून शत्रूला जाऊन मिळतो, आणि त्याच्यामागे ती जमिनीवर झोपणारी मुलंही जातात. पाचव्या पुस्तकात युद्ध जिंकल्यावर देव पर्सीला अमरत्व देऊ करतात. तो ते नाकारतो आणि मागणं मागतो की यापुढे प्रत्येक देवानं आपलं मूल तेरा वर्षांचं होईपर्यंत आपलं म्हणून स्वीकारलं पाहिजे. लहानसहान देवांच्या मुलांनाही घर मिळालं पाहिजे. "हे कुंतीला कुणी सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

मावशीचा हात परातीत थांबला. "हे चांगलं आहे," ती म्हणाली. "ल्यूक म्हणजे तुमचा कर्ण. पर्सी नव्हे." मग जरा वेळानं, "पण मागणी कुणाकडे केली बघ. बापांकडे. स्वीकारा म्हणून. तुझ्या त्या मुलाला बापाचा शिक्का हवाच आहे. कर्णानं तो परत केला."

"कधी?"

"उद्योगपर्व काढ. वरून दुसरा कप्पा."

मी उठले नाही, कारण ती जागा मला ठाऊक होती. पण तिनं ती ज्या रीतीनं सांगितली तशी मी कधी वाचली नव्हती. कृष्ण शिष्टाई फसल्यावर कर्णाला रथात घेतो आणि त्याला त्याचा जन्म सांगतो. तू पांडवांचा थोरला, राज्य तुझं, भाऊ तुझ्या पाया पडतील. साऱ्या अद्भुतकथा ज्या क्षणासाठी शेकडो पानं चालतात, तो हा क्षण: तू कोण आहेस ते ऐक. कर्णाचं उत्तर असं, की मला ठाऊक आहे. पण अधिरथानं मला पाहिलं आणि घरी नेलं, आणि मायेनं राधेला त्याच घटकेला पान्हा फुटला. तिनं माझं हगणंमुतणं काढलं. माझं जातकर्म अधिरथानं करवलं, माझं वसुषेण हे नाव त्यानं ठेववलं, माझी लग्नं त्यानं लावली. त्या राधेचा पिंड मी कसा तोडू?

"हगणंमुतणं," मावशी म्हणाली. "व्यासांनी तो शब्द टाळलेला नाही. राज्यापुढे त्यानं काय ठेवलं बघ. कवचकुंडलं नाही, सूर्य नाही. आपण कोण, या प्रश्नाचं उत्तर रक्तात नसतंच गं. ज्यानं काढलं, धुतलं, हाक मारली, त्याचा तू."

मी विरोध केला, कारण मला ते अर्धंच खरं वाटलं. कर्णाला राधेचा पोर म्हणून सुखानं जगू कोण देत होतं? स्पर्धेच्या रंगणात कुळ विचारून त्याला गप्प केलं. स्वयंवरात द्रौपदीनं सूताला वरणार नाही असं सांगून—

"ते नाही," मावशीनं मध्येच तोडलं.

"काय नाही?"

"द्रौपदीचं ते बोलणं. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीत ते मूळ संहितेत घेतलेलं नाही, खाली तळटीपेत गेलंय. काही पोथ्यांमध्ये आहे, सगळ्यांत नाही." १९१९ साली पुण्यात सुरू झालेलं आणि १९६६ साली पुरं झालेलं ते काम म्हणजे मावशीच्या बोलण्यातलं तीर्थक्षेत्र आहे. १२५९ हस्तलिखितं जमवून, ओळ ओळ ताडून पाहिली, हे तिनं आम्हा भाच्यांना लहानपणी इतक्या वेळा सांगितलंय की तो आकडा मला घरच्या दूरध्वनी क्रमांकासारखा पाठ आहे. "म्हणजे बघ," ती म्हणाली, "कर्णाच्या काळजात सगळ्यात खोल रुतलेला काटा म्हणून जो आपण दाखवतो, तो मागाहून कुणीतरी रोवलेला दिसतो. लोकांना कर्ण दुखावलेला हवा होता."

"मग त्यांनी बरोबरच केलं," मी म्हटलं. "मिथक म्हणजे तेच. ज्याला जिथे दुखतं तिथे तो ओळ घालतो. ते पोथी उतरवणारे आणि रायर्डन यांत मला फार फरक दिसत नाही. आणि शिवाजी सावंतांत तर अजिबात नाही."

'मृत्युंजय' १९६७ साली आलं, म्हणजे चिकित्सित आवृत्ती पुरी झाली त्याच्या पुढच्याच वर्षी. इरावती कर्व्यांचं 'युगान्त'ही त्याच साली. एकाच वर्षी मराठीत दोन कर्ण उभे राहिले: एक सहा जणांच्या तोंडून सांगितलेला, सोन्यासारखा झळाळणारा, दुसरा इरावतीबाईंचा, ज्याला त्यांनी एकही सवलत दिली नाही. आमच्या घरात मावशी इरावतीबाईंच्या बाजूची आणि आई सावंतांच्या. मी आईची. तेराव्या-चौदाव्या वर्षी मी 'मृत्युंजय' पांघरुणात विजेरी लावून वाचलंय, आणि ती कादंबरी भारून टाकणारी आहे असं मला आजही वाटतं.

"झळाळी कशाची ते पण सांग ना," मावशी म्हणाली. "वाचणाऱ्याला आतून माहीत असतं की हा खरा राजपुत्र आहे. सूताचा पोर म्हणून त्याचा अपमान झाला की आपण हळहळतो. का? सूताच्या पोराचा अपमान झाला म्हणून? की राजपुत्राला कुणी चुकून सूत समजलं म्हणून? मुलींना वर्गात मी हे विचारायची. सगळ्या गप्प व्हायच्या."

मीही गप्प झाले. चाळीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता.

"एकलव्याचं काय झालं माहितीये का? त्याला तर सूर्य नव्हता, कुंती नव्हती. निषादाचा पोर आणि आपल्या हिकमतीनं धनुर्धर. हरिवंशात त्यालाही जन्म दिलाय. म्हणे वसुदेवाचा भाऊ देवश्रवा, त्याचा हा मुलगा, निषादांत वाढलेला. म्हणजे कृष्णाचा चुलतभाऊ. निषादाच्या पोटचा पोर एवढा मोठा झाला, हे लोकांना सोसवेना."

यावर मी अमीशच्या 'मेलुहा'चं नाव काढलं. २०१० सालच्या त्या कादंबरीत शिव हा तिबेटातल्या टोळीचा नायक आहे, कर्तृत्वानं महादेव होणारा. आणि मेलुहात तर जन्मावरून काही ठरू नये म्हणून सगळी मुलं एका ठिकाणी जन्माला घालतात, आईबापांपासून वेगळी वाढवतात आणि परीक्षेवरून वर्ण देऊन नव्या घरी दत्तक देतात. मावशीनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "रक्त पुसायचं म्हणून राधाही पुसली का?" त्यापुढे मला काही बोलता आलं नाही, आणि खरं तर त्या पुस्तकासाठी भांडायची मला हौसही नव्हती. मला ज्याच्यासाठी भांडायचं होतं ते पुस्तक वेगळं होतं.

उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ सालचं. त्यातला नायक गॉन्ट बेटावरच्या एका डोंगरी खेड्यातल्या तांबटाचा मुलगा. शेळ्या राखतो. त्वचा तांबूस तपकिरी. आणि पुढे दूरचित्रवाणीवाल्यांनी त्याला गोरा करून टाकला तेव्हा ले ग्विन उघडपणे चिडल्या. देव बाप नाही, राजवंश नाही, भाकीत नाही. आई तो वर्षाचा व्हायच्या आत गेलेली. त्याला पहिला मंत्र शिकवते ती आईची बहीण.

"मावशी?"

"मावशी. इंग्रजीत बिचारीला 'मेलेल्या आईची बहीण' असं लिहावं लागलंय."

मावशी हसली. मी पुढे सांगितलं. त्या जगात प्रत्येक वस्तूला एक खरं नाव असतं आणि ते ज्याला ठाऊक त्याची त्या वस्तूवर सत्ता. माणसाचं खरं नाव तेराव्या वर्षी मिळतं. तोवरचं आणि नंतरचंही लोकांनी हाक मारायचं नाव वेगळं. खरं नाव अगदी विश्वासातल्या माणसाला सांगायचं. तर त्या मुलाला आईनं ठेवलेलं नाव होतं डनी. नामकरणाच्या दिवशी मावशी ते नाव त्याच्याकडून काढून घेते. तो उघडा, बिननावाचा, नदीच्या उगमाच्या थंडगार पाण्यातून चालत पलीकडे जातो, आणि काठावर उभा असलेला वृद्ध जादूगार त्याचा दंड धरून हलकेच सांगतो: गेड.

"कुर्र केल्यासारखं," मावशी म्हणाली. बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते तसं. मग तिचा चेहरा बदलला. "पण आईनं ठेवलेलं काढूनच घेतलं?"

"हो."

"मेलेल्या आईनं ठेवलेलं."

"हो. आणि दुसऱ्या पुस्तकात तर मुलीचं घेतात. 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन', १९७१. तेनार नावाची लहान पोर मंदिरात आणतात, विधी करतात, आणि तिचं नाव काळोखातल्या देवतांना देऊन टाकतात. मग तिला म्हणतात आर्हा. म्हणजे खाऊन टाकलेली. ती आपलं नाव विसरून जाते. गेड तिथे येतो आणि तिला तिचं नाव परत देतो. यासाठी मी म्हणते की अद्भुतकथा नुसती रक्ताची नसते. आपल्याकडून काय काढून घेतलंय, ते ती शोधायला लावते." आणि मग, वादाच्या भरात, जे बोलायला नको होतं ते मी बोलले. "तूच म्हणालीस ना, ज्यानं काढलं, धुतलं, हाक मारली, त्याचं नाव खरं? मग आजीनं ठेवलेलं तुझं नाव कुठे गेलं?"

झोपाळ्याची कडी करकरायची थांबली. लेक ऐकत होती.

मावशी रागावली नाही. परातीतले तांदूळ तिनं तळव्यानं सारखे केले, अगदी सपाट, कडेपर्यंत. "असं ताट असतं," ती म्हणाली. "तांदूळ असे पसरायचे. यजमानांनी अंगठी काढली आणि लिहिलं. तीन अक्षरं. पहिल्या अक्षराचा काना तुटक आला होता, दाणे घरंगळले म्हणून. नणंदेनं बोटानं नीट केला. लक्ष्मीपूजन झालं, पेढे वाटले. मी ते नाव तिथेच पहिल्यांदा वाचलं. मला कुणी आधी विचारलं नव्हतं, आणि विचारतात हेही मला ठाऊक नव्हतं."

"मग?"

"मग काय. सासूबाईंनी ताट उचललं, डब्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी त्याचाच भात झाला. आम्ही सगळे जेवलो." एक खडा तिनं वेचून बाजूला ठेवला. "खाऊन टाकलेली म्हणालीस ना आत्ता, तेव्हा ते आठवलं."

मला मागं घ्यावंसं वाटलं, पण तीच पुढे बोलली. "तू समजतेस तसं सरळ नाहीये. ते तीन अक्षरांचं नाव घेऊन मी पस्तीस वर्षं नोकरी केली. हजेरीपटावर तेच, पेन्शनवर तेच. रस्त्यात पन्नाशीचा माणूस वाकून नमस्कार करतो तो त्या नावाला. माहेरच्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही, तुझी आई गेल्यापासून. मग खरं कुठलं? गेड येऊन मला जुनं परत देईल, तर या नव्यानं जगलेली बाई कुठे जाईल?"

याचं उत्तर ले ग्विननं शोधलंय असं मला वाटतं, पण त्यासाठी तिला बराच काळ लागला. १९९० साली 'तेहानू' आलं. त्यात तीच तेनार मध्यमवयीन विधवा आहे, शेत सांभाळते, आणि गावात तिला गोहा म्हणतात. पांढऱ्या, जाळं विणणाऱ्या एका लहानशा कोळिणीचं नाव. आर्हा, तेनार, गोहा. कुठलंही टाकून देता येत नाही. राधेय, वसुषेण, कौंतेय, सूतपुत्र, तसंच.

मी मावशीला ले ग्विनच्या वडिलांबद्दल सांगितलं, कारण मला ते नेहमी या पुस्तकांच्या तळाशी दिसतं. आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ होते. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी माणूस सापडला. 'याही' नावाच्या जमातीचा, गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याचे लोक मारून संपवले होते. क्रोबरनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणलं. नाव विचारलं तर तो सांगेना. त्याच्या लोकांत आपलं नाव आपण सांगायचं नसतं, दुसऱ्या आपल्या माणसानं सांगायचं असतं. आणि तसं माणूस शिल्लक नव्हतं. लोक त्याला इशी म्हणू लागले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ फक्त 'माणूस'. १९१६ साली तो क्षयानं गेला. त्याचं खरं नाव आजतागायत कुणाला माहीत नाही. ले ग्विनचा जन्म त्यानंतर तेरा वर्षांनी झाला. तिच्या आईनं पुढे १९६१ साली त्याचं चरित्र लिहिलं. त्यानंतर सातच वर्षांनी मुलीनं असं जग लिहिलं जिथे खरं नाव जपून ठेवायचं असतं.

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. पाऊस थोडा ओसरला होता. "कर्णाच्या बायकोला व्यासांनी नाव दिलेलं नाही," ती मग म्हणाली. "स्त्रीपर्वात ती रणावर रडतेय, तेव्हा तिला मुलांची आई म्हणून ओळखायचं. वृषाली हे सावंतांनी दिलं." आणि जरा थांबून, "तेवढं त्यांचं मला नेहमी आवडलंय."

इतक्या वर्षांत सावंतांबद्दल तिच्या तोंडून चांगला शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"आणि स्त्रीपर्वाच्या शेवटी काय होतं? तर्पण. सगळ्यांना पाणी देऊन होतं. तेव्हा कुंती बोलते. तोवर तिनं दडवलं, पण पाण्याच्या काठावर तिला राहवेना. धर्मराजाला म्हणाली, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. तो जिवंत असताना धर्मराजाला सांगितलं असतं तर राज्य बदललं असतं. मेल्यावर कशाला सांगितलं? कारण पाणी द्यायला नाव लागतं, गोत्र लागतं. ते चुकलं तर पोचत नाही म्हणतात." तिनं तांदूळ डब्यात भरायला घेतले. "माझं कुठलं घ्यायचं, ते मी ठरवून ठेवलंय."

"कुठलं?"

"तुला नाही सांगायची. तू लिहितेस."

तिनं लेकीला बोलावलं. लेक झोपाळ्यावरून उतरली, पुस्तकात बोट तसंच ठेवून आली आणि मावशीपाशी वाकली. मावशीनं तिचा दंड धरला, तोंड तिच्या कानाशी नेलं आणि काहीतरी सांगितलं. फार वेळ नाही लागला. लेकीनं मान हलवली.

परतीच्या वाटेवर, खंबाटकीचा घाट उतरताना, मी तिला विचारलं. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "आई, ते विचारायचं नसतं."